बालवाडीत सगळी मुले एकत्र: पालकांचा विरोध नेमका कशाला असतो?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागातील एका खासगी, मराठी माध्यमाच्या बालक मंदिराच्या मुख्याध्यापिका विचारतात: "आमच्याकडे छोटा आणि मोठा गट मिळून 62 मुले आहेत. येत्या जूनपासून दोन दिव्यांग मुलांना प्रवेश द्यायचे आम्ही ठरवले. एक साडेचार वर्षांची मुलगी आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. दुसरा चार वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. पालक सभेत विषय मांडल्यावर मुलीबद्दल कोणी काही बोलले नाही. मुलाबद्दल मात्र सात-आठ पालकांनी नाराजी दाखवली आणि दोघांनी दाखला काढून नेण्याची भाषा केली. सभा संपल्यावर त्या मुलाची आईच म्हणाली, 'राहू द्या बाई, आमच्यामुळे कशाला वाद.' आता संस्थेचे म्हणणे असे, की सर्व पालकांचे लेखी मत घ्यावे आणि बहुमताने ठरवावे. काय करावे?"

उत्तर: लेखी मत जरूर घ्यावे, परंतु 'या मुलाला प्रवेश द्यावा का' या प्रश्नावर घेऊ नये. चार वर्षांच्या मुलाच्या प्रवेशावर शेजारच्या मुलांच्या पालकांनी मतदान करावे, ही कल्पनाच मुळात गैर आहे. उद्या एखाद्या घरात तेलुगू बोलतात म्हणून, किंवा एखाद्याचे वडील मागावर काम करतात म्हणून, त्या मुलाच्या प्रवेशावर कोणी मत मागितले, तर आपणच ते हाणून पाडाल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 16 मध्ये शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे अपेक्षित धरले आहे. खासगी बालक मंदिर त्या व्याख्येत कितपत बसते, याचा कीस वकिलांनी काढावा. परंतु बहुमताने नाकारलेला प्रवेश कोणत्याही अधिकाऱ्यापुढे समर्थनीय ठरणार नाही, एवढे संस्थेच्या कानावर जरूर घालावे. माझ्या मते याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. असा कागद एकदा घरोघरी गेला, की ज्या पालकांनी या विषयाचा विचारही केला नव्हता, त्यांनाही बाजू घेणे भाग पडते, आणि एकदा सहीनिशी घेतलेली बाजू सोडणे माणसाला फार जड जाते.

शिवाय अशा कागदावर खरे मत उमटतच नाही. 'दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकू द्यावे का' असे विचारले, तर दहांपैकी नऊ पालक 'हो' म्हणतात. 'आपल्या मुलाच्या शेजारी बसवावे का' असे विचारले, की तेच पालक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पालकांच्या मतांविषयी झालेल्या अभ्यासांचा एक आढावा नेदरलँड्समधील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसते, की पालकांचा कल एकंदरीत अनुकूल किंवा तटस्थ असतो, परंतु अपंगत्वाचा प्रकार कोणता, यावर तो बदलतो. ज्याला चालता येत नाही किंवा ऐकू येत नाही, त्या मुलाबद्दल फारशी हरकत नसते. वर्तनाच्या अडचणी आणि बौद्धिक अक्षमता यांच्या बाबतीत मात्र पालक मागे सरतात. आपल्या सभेत मुलीबद्दल शांतता आणि मुलाबद्दल कुरकुर झाली, यात म्हणूनच मला काही नवल वाटले नाही. फक्त त्या शांततेला संमती समजू नये, एवढी सूचना करते. मुलीला शौचाला उचलून न्यावे लागते, डबा भरवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मदतनीस मावशी वर्गात नसतात, हे लक्षात आले की ऑगस्टमध्ये तीच शांत मंडळी आपल्या दारात येतील.

आता विरोध नेमका कशाला असतो, याकडे येते. गेली 22 वर्षे मी या शहरात विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे बालवाड्या आणि अंगणवाड्या यांच्या उंबऱ्यावर गेली आहेत. सुरुवातीच्या काळात मला वाटायचे, की हा सगळा अंधश्रद्धेचा आणि अज्ञानाचा भाग आहे. माहिती दिली की विरोध मावळेल. म्हणून मी तक्ते घेऊन जात असे आणि मेंदूचे चित्र काढून दाखवत असे. त्याने कोणाचे मत बदलल्याचे मला आठवत नाही.

माझी समजूत बदलली ती विडी कामगारांच्या वसाहतीतील एका ओट्यावर. सभेला बायका आल्या त्या कामासकट आल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने आणि हातात कात्री. मी बोलत होते आणि त्यांचे हात चालत होते. पान कापले, तंबाखू भरला, वळले, दोरा गुंडाळला, टाकले. हजार विड्यांचा हिशेब पुरा व्हायचा असेल तर सभेसाठी हात थांबवणे परवडत नाही, हे मला तेथे पहिल्यांदा नीट कळले. पंधरा-वीस मिनिटे मी सगळ्या मुलांनी एकत्र शिकण्याचे गोडवे गाऊन झाल्यावर एका आजींनी मान वर न करता, तेलुगू वळणाच्या मराठीत विचारले, "ते सगळं बरोबर आहे बाई. पण त्या पोराला सांभाळायला तुमची बाई गुंतली, तर आमच्या पोरांना कोण बघणार?" सभा संपली. दाराच्या चौकटीशी बसलेली, ज्या मुलाविषयी हे सारे चालले होते त्याची आई, मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली आणि चालता चालता म्हणाली, "बाई, एवढ्या पस्तीस पोरांत माझ्या पोराकडे बघायला कुणाला वेळ मिळणार?"

दोघींचा प्रश्न एकच होता. दोघी एकमेकींच्या विरुद्ध बाजूला आहेत असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दोघीही शाळेकडे बोट दाखवत होत्या. तेव्हापासून पालकांच्या मतांकडे मी याच नजरेने पाहते. आपल्या मुलाकडे लक्ष द्यायला पुरेशी माणसे आहेत का, हा त्यांचा मूळ सवाल असतो; तो थेट विचारणे अवघड वाटते म्हणून त्याला 'ते मूल नको' असे रूप येते. आणि या सवालाचे उत्तर शाळेजवळ नसते, म्हणून शाळा पालकांना संवेदनशीलतेवर व्याख्यान देते.

राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन आणि शिक्षण धोरण 2013 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावे, असे प्रमाण सांगितले आहे. आपल्याकडे 62 मुले आहेत. दोन शिक्षिका आणि एक मावशी असतील, तर आपण त्या प्रमाणाच्या आत्ताच किंचित बाहेर आहात, आणि त्यातली एक व्यक्ती रजेवर गेली की फारच बाहेर. तेव्हा संस्थेला माझा पहिला सल्ला मतपत्रिकेचा नाही, आणखी एका मदतनीस बाईच्या पगाराचा आहे. आणि ही बाई 'त्या मुलाची बाई' म्हणून नेमू नये. तिला वर्गाची बाई म्हणून नेमावे. एका मुलाला चिकटून बसलेली सावली-शिक्षिका असली, की वर्गशिक्षिका त्या मुलाची जबाबदारी मनातून काढून टाकते, इतर मुले त्या दोघांना सोडून खेळू लागतात आणि मूल वर्गात असूनही वर्गात नसते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की या बाबतीत मी थोडी हट्टी झाले आहे. काही संस्था हा खर्च दिव्यांग मुलाच्या पालकांवर टाकतात, किंवा 'आईने रोज बसावे' अशी अट घालतात. कामावर जाणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या आईला दिवसाचे चार तास शाळेत बसायला सांगणे म्हणजे प्रवेश नाकारण्याचीच सभ्य रीत आहे.

सभेत ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी मारण्या-चावण्याची भीती खरी आहे आणि तिला 'तसे काही होणार नाही' असे उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे आहे. होऊ शकते. स्वमग्न मुलाला पुष्कळदा जे हवे-नको ते शब्दांत सांगता येत नाही. तीस मुले एका सुरात बडबडगीत म्हणू लागली की काहींना तो आवाज सहन होत नाही, आणि कान झाकूनही आवाज थांबला नाही, तर हात उगारला जातो. म्हणून व्यवस्था आधी करावी लागते. दिवसाचा क्रम दाखवणारी पाच-सहा चित्रे भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत, एक खेळ संपवून दुसरा सुरू करण्याआधी त्याला चित्र दाखवून सांगावे, आणि वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई व दोन-तीन उश्या टाकून अशी जागा ठेवावी, जिथे कोणत्याही मुलाला गडबड नकोशी झाली तर जाऊन बसता येईल. 'कोणत्याही' हा शब्द मुद्दाम वापरते. एक महिना जाऊ द्या, त्या कोपऱ्यात सर्वांत जास्त कोण बसते ते पाहा. माझा अनुभव असा, की जून महिन्यात आईला सोडून आलेली नवी रडकी मुलेच तो कोपरा पटकावतात.

पालकांना मात्र स्पष्ट सांगावे, की कोणत्याही मुलाने कोणत्याही मुलाला चावले, तर त्याच दिवशी दोन्ही घरी वर्गशिक्षिकेचा फोन येईल, काय झाले व आम्ही काय केले हे ती सांगेल, आणि ही गोष्ट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाणार नाही. लहानपणी पुष्कळ मुले केव्हातरी चावतात. त्या चाव्यांचा बोभाटा होत नाही आणि याच्या एका चाव्याचा होतो, इतकाच फरक आहे.

दुसरी भीती बघून बघून शिकण्याची. "आमचा पोरगा तसंच करायला लागला तर?" ही शंका अगदी शिकलेल्या घरांतूनही येते. तिलाही हसण्यावारी नेऊ नये, कारण मुले खरोखरच नक्कल करतात. काही वर्षांपूर्वी एका बालवाडीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी आम्ही सुताराकडून कोपरा-खुर्ची करून घेतली. दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, म्हणजे पाठीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, पुढे कापलेली पाटी आणि कमरेला रुंद पट्टा. पहिल्याच दिवशी वर्गातल्या सगळ्यांना ती खुर्ची हवी झाली. बाई गोंधळल्या. मी म्हटले, बसू द्या पाळीपाळीने, पट्टासुद्धा बांधा. दोन दिवस रांग लागली. तिसऱ्या दिवशी पट्टा बांधून घेऊन जागचे हलता येत नाही, हे सगळ्यांना उमगले होते आणि रांग आपोआप संपली. त्याच आठवड्यात एका आईची तक्रार आली, की मुलगा घरी पाय ओढत चालून दाखवतो. तेही असेच सरले. मूल दुसऱ्याचे चालणे स्वतःच्या अंगावर घालून पाहते, जसे ते बाबांच्या चपला घालून पाहते. चपला घातल्याने पाय मोठा होत नाही. घरच्यांनी ओरडून त्या नकलेला महत्त्व दिले, तरच ती लांबते. गरोदर सुनेने अशा मुलाकडे पाहू नये, असे मानणाऱ्या सासवाही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, सुनेशी बोलते.

तिसरी भीती अभ्यास मागे पडण्याची. बालवाडीत 'अभ्यास' हा शब्दच मला खुपतो, परंतु पालक पहिलीच्या प्रवेशाकडे डोळे लावून असतात, हे वास्तव आहे. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2007 मध्ये 26 अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला, की विशेष गरजा असलेली मुले वर्गात असल्याने इतर मुलांवर काय परिणाम झाला, याविषयी नोंदवलेल्या निष्पत्तींपैकी 81 टक्के अनुकूल किंवा तटस्थ होत्या. हे अभ्यास परदेशांतल्या शाळांचे आहेत, तेथली वर्गसंख्या आपल्यापेक्षा कमी असते, हे पालकांपासून लपवू नये. आकडा सांगावा आणि सोबत आपण माणूसबळ किती वाढवत आहोत, तेही सांगावे.

येथे सोलापूरच्या बालवाड्यांविषयी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण आपल्या शिक्षिकांना ती स्वतःविषयी ठाऊक नसते. पूर्व भागातल्या कोणत्याही मराठी बालवाडीत जूनमध्ये येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दख्खनी. पहिले दोन-तीन महिने या मुलांना बाईंचे बोलणे समजत नाही. मग बाई काय करतात? हातवारे करतात, वस्तू दाखवतात, चित्र दाखवतात, छोटी वाक्ये बोलतात, तेच पुन्हा बोलतात, तेलुगू कळणाऱ्या दुसऱ्या मुलाला मदतीला घेतात आणि मूल बोलत नाही म्हणून त्याला मठ्ठ ठरवत नाहीत. समावेशित, म्हणजे सगळ्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या, बालवाडीसाठी जे प्रशिक्षण द्यायला आम्ही जातो, त्यातला निम्मा भाग हाच असतो. आपल्या बाई तो पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्यांना 'आम्हाला विशेष मुलांना शिकवता येणार नाही' असे वाटत असेल, तर मागच्या जूनमध्ये आलेल्या एखाद्या तेलुगू मुलाला त्यांनी दिवाळीपर्यंत कसे बोलते केले, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

याच बहुभाषिकपणाची एक उलटी बाजू आहे, तीही सांगते. मूल उशिरा बोलू लागले, की 'घरात एक भाषा, बाहेर दुसरी, म्हणून बोलत नाही' असे म्हणून दोन-दोन वर्षे काढली जातात. दोन भाषा कानांवर पडल्याने मुलाला भाषेचा विकार होत नाही. ज्या घराला लागून माग चालू असतो, तेथे तर हाक मारल्यावर मूल वळत नाही, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही, कारण त्या खटखटाटात कोणीच कोणाच्या हाकेला वळत नाही. अंगणवाडीतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, अशी योजना 2013 पासून आहे. खासगी बालक मंदिरे त्या फेरीत येत नाहीत, म्हणून आपल्या 62 मुलांमध्येही अद्याप न कळलेले एखादे मूल असू शकते. सभेत विरोध करणाऱ्या पालकांपैकीच एखाद्याचे ते असू शकते. हे त्यांना धमकी म्हणून ऐकवू नये, परंतु आपण सर्व मुलांची कान-डोळ्यांची तपासणी ठेवली, तर 'शाळा दोन मुलांसाठीच काही करते आहे' ही भावना कमी होईल.

कानांवरून आठवले. श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी ज्या वर्गात होती, तेथे पालकांनी आधी यंत्र हरवेल, तुटेल, भांडणे होतील, असे बरेच काही म्हटले होते. वाढत्या वयात कानातला साचा लहान पडू लागतो, सैल होतो आणि यंत्र शिट्टीसारखे वाजू लागते. वर्गाच्या आवाजात बाईंना ते ऐकू जात नसे. शेजारची दोन मुले उठून सांगत, "बाई, तिचं मशीन वाजतंय." त्या मुलांच्या घरच्यांना ही शिट्टी म्हणजे काय आणि नवा साचा कधी करायचा, हे आपल्या मुलांकडून कळले. पालकांची मते अशी बदलतात: घरात संध्याकाळी मूल काय सांगते, त्यावरून. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत मत विचारूच नये, असे मी म्हणते. ते विचारायचेच असेल, तर जूनमध्ये 'आपल्या मुलाविषयी आपल्याला कोणत्या तीन गोष्टींची काळजी वाटते' असा साधा फॉर्म सर्व पालकांना, त्या दोन मुलांच्या पालकांनाही, द्यावा आणि तोच दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा द्यावा. दिव्यांग हा शब्द त्यात कोठेही नको. मी असे फॉर्म वाचले आहेत. नाव झाकले तर कोणता कागद कोणत्या आईचा, हे ओळखू येत नाही. डबा खात नाही, शू सांगत नाही, मित्र नाही, पुढे पहिलीत कसे होईल.

आता त्या मुलाच्या आईविषयी. तिच्या 'राहू द्या' या शब्दांचा अर्थ 'मला नको' असा घेऊन संस्थेने सुटकेचा निःश्वास टाकू नये. तसेच ते केवळ भिडेपोटी बोलले गेले, असेही धरून चालू नये. दिव्यांग मुलांच्या पालकांची मते इतर पालकांपेक्षा पुष्कळदा अधिक साशंक असतात, आणि त्याला कारणे आहेत. विशेष शाळेत उपचार, वाहन, ओळखीची माणसे असतात. तेथे कोणी मुलाकडे टक लावून पाहत नाही, आईला चार तास मान वर करून बसता येते. कर्णबधिर मुलांच्या काही पालकांना खाणाखुणांची भाषा बोलणारे सवंगडी महत्त्वाचे वाटतात आणि त्यात तथ्य आहे. कायद्यानेही सहा ते अठरा वयोगटातील लक्षणीय (किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतून निवड करण्याचा हक्क कलम 31 मध्ये दिला आहे. निवड पालकांची आहे, आपली किंवा माझी नाही. मी समावेशनाच्या बाजूची आहे, परंतु सकाळी बालवाडी आणि आठवड्यातून तीन दुपारी वाचा-उपचार व व्यवसायोपचार (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे उपचार), अशी सांगड घालणारी घरे मला अधिक शहाणी वाटतात. आणि ज्या बालवाडीत माणसेच नाहीत, तेथे तत्त्वासाठी मूल बसवून ठेवू नये, असे मी पालकांना सांगितलेले आहे.

या आईला मात्र सभेत नेमके काय झाले असेल, याची मला कल्पना आहे, कारण तसे मी एकदा स्वतः केले आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पालक सभेत, सर्वांना समज यावी या चांगल्या हेतूने, मी एका मुलाची सगळी हकीकत सांगितली: बाळंतपण कसे अडले, मूल किती उशिरा रडले, डॉक्टर काय म्हणाले. त्याची आई दुसऱ्या रांगेत होती. माझे बोलणे संपेपर्यंत तिने पदर तोंडाला लावला होता आणि दुसऱ्या दिवशी मूल आले नाही, नंतरही आले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी ती मला सिव्हिलमध्ये दिसली आणि तिने तोंड फिरवले. तेव्हापासून कोणत्याही मुलाचे निदान मी दुसऱ्या पालकांपुढे उच्चारत नाही. आपणही सभेत 'स्वमग्न' हा शब्द वापरला असेल, तर तो परत घेता येणार नाही, परंतु त्या आई-वडिलांची घरी जाऊन माफी मागता येईल. जाताना वर्गशिक्षिकेला सोबत न्यावे, कारण मूल तिच्या हाती राहणार आहे. घरी आजी असतील तर त्यांच्याशीही बोलावे. कित्येक घरांत शाळेचा निर्णय त्यांचाच असतो. वडिलांची पाळी विचारून वेळ ठरवावी. कारखान्यात बारा तासांची पाळी करणारा बाप सभेला येत नाही म्हणून त्याला आस्था नाही, असा समज आपण शिक्षक फार लवकर करून घेतो.

त्यांच्या पुढे पहिलीचा प्रश्नही असेल. शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग बालकांचा वंचित गटात समावेश आहे आणि त्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. दिव्यांगत्वाचे किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र मात्र लागते. पुष्कळ आया 'शिक्का बसेल' म्हणून ते प्रमाणपत्र काढायचे टाळतात आणि अर्ज भरायच्या वेळी धावपळ होते. हे त्यांना आत्ताच सांगितलेले बरे.

विरोध करणाऱ्या सात-आठ पालकांना पुन्हा एकत्र बोलावू नये. गर्दीत प्रत्येक जण दुसऱ्याचे ऐकून चढतो. दोघा-दोघांना, मूल सोडायला येतात त्या वेळी, दहा मिनिटे वर्गात बसवून घ्यावे. नवी बाई दाखवावी, कोपरा दाखवावा, फोनचा नियम सांगावा. पाणी येण्याचा दिवस टाळावा. त्या दिवशी सोलापुरात कोणाचे लक्ष घागरी सोडून कशात नसते. जुलैमध्ये एक सकाळ अशी ठेवावी, की ज्या पालकांना वेळ आहे, त्यांनी येऊन वर्गात गोष्ट सांगावी किंवा माती मळून द्यावी. ज्यांना काळजी वाटते, त्यांनाच प्रथम बोलवावे. दोघे दाखला काढून नेणार असतील तर हसतमुखाने द्यावा, वाईट बोलू नये, 'जागा ठेवतो' असेही म्हणू नये. दाखल्याची भाषा करणारे सगळेच दाखला नेत नाहीत, असा अनुभव आहे.

प्रवेशाची सुरुवात दोन्ही मुलांसाठी एकाच दिवशी करू नये. मुलीला पहिल्या आठवड्यात घ्यावे. मुलाला आधी मे महिन्यात, शाळा रिकामी असताना, तीन-चार वेळा आईबरोबर येऊ द्यावे, म्हणजे इमारत, मोरी, चपलांची जागा आणि बाईंचा आवाज त्याच्या ओळखीचा होईल. मग शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून एक तास, नंतर दोन तास. ऊन तापायच्या आत, सकाळी आठला बोलवावे. त्या पहिल्या सकाळी आईला काही समजावून सांगत बसू नये. वर्गाचे दार उघडून द्यावे, पंखा हळू ठेवावा आणि मूल कोठे जाऊन बसते, ते आईबरोबर बसून पाहावे.